काळटोप्या मेलाच पाहिजे

नायगाव
१२ नोव्हेंबर २०२५

नाही काका, थांबा. आधी माझं पूर्ण ऐका. नमस्कार पत्राच्या शेवटी केलाय, शेवटपर्यंत वाचलंत तरच मिळेल.

काल माझं वाक्य अर्ध्यावर असताना तुम्ही चपला घातल्यात आणि निघून गेलात. स्वतःच्या घरातून! काकू शांतपणे म्हणाली की आता ते मंडईला दोन चकरा मारतील आणि कोथिंबीर घेऊन येतील. मी कोथिंबिरीसाठी थांबले नाही. भोईवाड्यापासून नायगावपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत आले आणि एका रिक्षावाल्याला उगाच खुन्नस दिली, जो सायनच्या पुढचा रस्ता चुकून इकडे आला होता बिचारा. फोन तुम्ही उचलणार नाही. म्हणून हे पत्र, रिकाम्या डब्यातून. तुम्हीच सांगता ना, की तोंडाने केलेलं भांडण घरात राहतं आणि कागदावर केलेल्याची घडी घालता येते. आजोबांशी तुम्ही गावी असंच पत्रातून भांडायचात. मग मी पण त्याच घरातली आहे.

तुम्ही कॉमिक नुसतं चाळलंत, म्हणून परत सांगते. माझ्या सुपरहिरोचं नाव काळटोप्या. दिवसा तो गौतम, कोर्टासमोर झेरॉक्स काढणारा गरीब माणूस. लोकांवर वेळ आली की तो डोक्यावर काळा टोप चढवतो, पुढे लाल जीभ लोंबते, आणि मग त्याने नुसतं बोट वाकवलं की बंद कपाटातला कागद उडत त्याच्याकडे येतो. पाण्याला तेवढा घाबरतो, कारण भिजला की तोही कागदासारखा विरघळतो. एका बिल्डरने अख्ख्या चाळीचे खोल्यांचे कागद दाबून ठेवलेत. काळटोप्या ते चोरतो आणि माझगावच्या गोदीत पाण्याखाली लोखंडी पेटीत लपवतो. इथवर पस्तीस पानं झाली. छत्तिसावं कोरं आहे.

टोप तुमचा आहे, मान्य. दशावतारात संकासुर वेद चोरतो, लोकांना अर्धा तास हसवतो, विष्णू येऊन त्याला मारतो आणि मग मुख्य नाटक लागतं, हे मला तुमच्या मांडीवर बसल्यापासून पाठ आहे. परळच्या मंडळात तुम्ही सदतीस वर्षं दरसाल मरताय. छान मरता. पण म्हणून माझ्या काळटोप्याने पण मेलंच पाहिजे, हा कुठला हट्ट?

काका, सुपरहिरो मरत नाही. तो आमच्या पिढीचा देव आहे. तुमच्या देवांना वाहन, आमच्यांना पण. त्यांना आयुध, दोन नावं, एखादा शाप, एक मर्मस्थान. सगळं सेम आहे, फक्त पितांबर जाऊन घट्ट पँट आली. पोरं आपल्या वह्यांवर, टी-शर्टवर, दंडावर त्यांची चित्रं काढून घेतात, ते काय उगाच? कुणीतरी येईल आणि आपल्याला सोडवेल, एवढाच तर आधार असतो. त्यालाच मारून टाकू?

एक डिसेंबरला फाइल माझगावला फेलिक्स अंकलच्या प्रेसमध्ये द्यायचीय. तेराला कॉमिकच्या जत्रेत स्टॉल आहे, माझा पहिला. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी हे छापणार नाही. ते तुम्हाला पक्कं माहितीय, म्हणूनच भाव खाताय.

आता घ्या, सा. न. वि. वि. राग हवा तेवढा ठेवा, पण लोभाच्या जागेवर नको.

तुमचीच,
अनुजा


भोईवाडा
१४ नोव्हेंबर २०२५

चि. अनुजा हिला गुणाजीकाकाचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. डबा मात्र न घासता पाठवलास. तुझ्या काळटोप्याला एवढी शक्ती आहे, तर बोट वाकवून जरा डबा घासायला सांग त्याला. तुझी काकू म्हणते बांगड्याचा रस्सा तीन दिवस डब्यात राहिला की कुठलाच सुपरहिरो त्यापुढे टिकत नाही.

मी कॉमिक चाळलं नाही, वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा भिंग घेऊन. झेरॉक्सच्या मशीनचा हिरवा उजेड गौतमच्या तोंडावर पडतो ते पान फार झकास उतरलंय, मी शेजारच्या जाईबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या पोरगा अशक्त दिसतो. तर तेवढं बघ.

आता तुझा मुद्दा. मी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं कागद सांभाळले. वाळवीपासून, पाण्यापासून, उंदरापासून. आणि माझ्या पुतणीचा हिरो कागद चोरून समुद्रात ठेवतो! लोकांसाठी चोरले म्हणतेस. मग लोकांना दिले कधी? संकासुर मरतो तेव्हा वेद समुद्रातून वर येतात, नीट ध्यानात घे. त्याचं मरण हे परतीचं मरण आहे. तुझा काळटोप्या जिवंत राहिला तर कागद पाण्यातच कुजणार, आणि बिल्डरच्या कपाटात असलेले काय आणि गोदीच्या तळाला असलेले काय, चाळीतल्या म्हाताऱ्या बाईला खोली मिळायची नाही ती नाहीच.

आणि देव मरत नाहीत, हे तुला सांगितलं कोणी? राम शरयूत गेला. कृष्णाला पायात बाण लागला. ज्याला वेळेवर जाता येत नाही तो देव नव्हे गो, तो पागडीचा भाडेकरू.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण त्यात माझी लाज आहे. आमचा राजेश तेव्हा नवा विष्णू. माझी एन्ट्री झाली आणि हा मुकुट, चार हात, गदा सगळं घालून हॉलच्या संडासात गेला. कडी अडकली. बाहेर पखवाज आणि पेटी, त्यात त्याच्या हाका कोणाला ऐकू येणार! मला वाटलं येईल आता. मी भटजीची मस्करी केली, पेटीवाल्याची केली, पहिल्या रांगेतल्या कार्यकर्त्यांची केली. लोक पोट धरून हसत होते. मी मनात म्हटलं, गुणाजी, आज तू राजा. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मग काय झालं माहितीय? हसू थांबलं. बायका पिशव्या आवरायला लागल्या. मागून कोणीतरी मालवणीत ओरडून विचारलं की ह्यो जाता कधी. संकासुर अर्धा तास हसवतो, पाऊण तास झाला की तो पाहुणा होतो, आणि तासानंतर त्याची दया येते. मी स्टेजवर घामाने निथळत उभा, आणि मला मारायला कोणी नाही. असं भय मला मिलच्या संपातपण वाटलं नव्हतं. शेवटी मीच छातीवर हात मारून घेतला आणि पडलो. पाच मिनिटांनी राजेश गदा घेऊन धावत आला, तर मारायला कोणी शिल्लक नाही. अजून त्याला उशीरविष्णू म्हणतात ते त्यामुळे.

म्हणून सांगतो, तो मेलाच पाहिजे. तोपर्यंत माझा होकार नाही.

सात डिसेंबरला आपला प्रयोग आहे, रविवारी. टोप तुला चित्र काढायला दिलाय, तो त्याआधी परत हवा. आणि महत्त्वाचं, त्याला पाणी लावू नकोस. अठ्ठ्याऐंशी साली, माझ्याआधी संकासुर करणाऱ्या आमच्या अप्पांनी तो स्वतःच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवला. त्यांचा घाम आहे त्यात. अजून घालताना वास येतो, आणि तो आला की माझ्या तोंडात शब्द येतात.

आईला नमस्कार सांग. माया आहेच, डबा घासलास तर वाढेल.

तुझा,
गुणाजीकाका


नायगाव
१५ नोव्हेंबर २०२५

ती. मालनकाकूस सा. न. वि. वि.

काकू, हे पत्र काकांच्या हाती देऊ नकोस. डब्याच्या खालच्या पुडात आहे, तिथे ते बघत नाहीत हे मला माहितीय. डबा दोनदा घासलाय.

माझ्या हातून भयंकर झालंय. परवा, म्हणजे तेरा तारखेला, मी टोप टेबलावर ठेवून चित्र काढत होते आणि शाईची बाटली लवंडली. काळ्या कापडावर दिसली नसती गं, पण सगळी जिभेवर गेली. मी घाबरून टोप नळाखाली धरला. साबण लावला. मग जिभेचा रंग सुटला. आता जीभ गुलाबी आहे, दात पण गुलाबी आहेत आणि संकासुर नाक्यावरून बर्फाचा गोळा खाऊन आल्यासारखा दिसतो. आणि टोपाला वास येतोय लिंबाचा.

आणि काल काकांचं पत्र आलं, पाणी लावू नकोस म्हणून. एक दिवस आधी आलं असतं तर! अप्पांचा अठ्ठ्याऐंशी सालापासून जपलेला घाम मी नायगावच्या मोरीत सोडून दिला, काकू. सात तारखेला काका टोप घालतील, वास येणार नाही, आणि शब्द पण येणार नाहीत. मी कॉलेजात पुराणकथांवर तीस पानांचा निबंध लिहिला होता, मुखवट्यात शक्ती कशी साठते वगैरे. त्यात साबणाबद्दल एक ओळ नव्हती.

कॉमिकचं मरू दे. काकांना मी काय सांगू? तू म्हणशील तर आत्ता येऊन पाय धरते. दोन दिवस जेवण जात नाहीय, म्हणजे काल रात्रीचं जेवले, पण मन नव्हतं.

उत्तर लगेच पाठव. एवढं करशील, मला खात्री आहे.

तुझी,
अनुजा


भोईवाडा
१७ नोव्हेंबर

चि. अनुजा हिका काकूचो आशीर्वाद.

माका लिवाची सवय नाय, म्हणान थोड्यात लिवतंय. तुझ्या काकाक ह्या पत्र दाखवा नको. दाखवलंस तर सोलकढी बंद.

रडा नको. अप्पांचो टोप दुसऱ्याच वर्सी उंदरांनी खाल्लो. ट्रंकेत ठेवलेलो, खाली नुसतो भुसो गावलो. प्रयोगाक तीन दिवस होते आणि तुझो काका कोर्टात. मी जुन्या छत्रीचा कापड काढलंय आणि रातोरात नवीन शिवलंय. पण तेका नव्या कापडाचो वास येय होतो. मग काय करतलय? खोबऱ्याचा तेल आणि चुलीची काजळी चोळलंय आणि सुक्या जवळ्याच्या डब्याशेजारी दोन दिवस ठेवलंय. काकान टोप घातल्यान आणि डोळ्यांत पाणी काढल्यान. म्हणालो, अप्पा आसत हो हयच.

छत्रीचो दहा वर्सां टिकलो. मग एका वकिलान जुनो काळो कोट दिल्यान तेचो शिवलंय. तो पण गेलो. आता तुझ्याकडे आसा तो माझ्या संक्रांतीच्या काळ्या साडयेचो. तुझ्या हातून अप्पांचो घाम नाय गो धुवान गेलो, माझी साडी धुवान निघाली. बरा झाला, माझ्यान कधी झाली नसती.

जीभ मी दर दोन वर्सांनी बदलतंय. हयसर लाल ब्लाउजपीस ठेवलंय. ह्या वर्सी तूच शीव. माझे डोळे आता सुयेत दोरो ओवूक देत नाय. टाके बारीक घाल, आणि माझा बघून डाव्या हातान शिवूक जाव नको, मी डावरी, माझो टाको उलटो पडता. मग टोप माझ्याकडे पाठव. जवळो घरात आसा.

कॉमिकात गौतम बारीक दिसता. दोन घास जास्त खावक घाल तेका.

तुझी काकू


नायगाव
३० नोव्हेंबर २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि. बघा, यावेळी पहिल्यांदा.

टोप आठ दिवसांपूर्वीच काकूकडे दिलाय, म्हणजे तो तुम्हाला तुमच्या ट्रंकेत मिळेल. नीट आहे. मी त्याला अगदी जिवापाड जपलं, याच्यापेक्षा जास्त काही विचारू नका.

मी हरले नाहीय, हे आधी लिहून ठेवते. पण तुमचा पाऊण तासाचा पाहुणा माझ्या डोक्यातून जाईना. काल प्रेसमध्ये गेले. फेलिक्स अंकल मशीनला तेल घालत होते. मंडळाची हँडबिलं ते अठ्ठावीस वर्षं फुकट छापतायत, म्हणून म्हटलं यांना पण विचारावं की हिरो मरावा की न मरावा. ते हात पुसत म्हणाले की आमच्याकडे पण एक जण मेला आणि परत उठला, पण मधला शनिवार तो खरोखर मेलेला होता. त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हतं तो उठणार आहे. तो शनिवार गाळलास तर रविवारी चर्चला जायचं कशाला, घरी सॉसेज तळत बसावं. मग त्यांनी मला पानांच्या कडा किती सोडायच्या त्यावर अर्धा तास झापलं.

मी परत येताना विचार करत आले. आमचे सुपरहिरो मरतात पण, काका. फक्त पुढच्या अंकात सांगतात की तो मेलाच नव्हता, ती त्याची नक्कल होती, किंवा काळ उलटा फिरवला. मरण पण खोटं आणि परत येणं पण खोटं. तुमच्याकडे तसं नाही. तुम्ही मरता तेव्हा मरता. आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून नाचत येता, आणि प्रेक्षकांत एक माणूस विचारत नाही की गेल्या साली मेलास ना रे. कोणी खुलासा मागत नाही. मी एवढी पुस्तकं वाचली, पण ही गोष्ट माझ्या डोळ्यासमोर दरवर्षी होत होती आणि मी चणे खात बघत होते.

तर छत्तिसावं पान असं आहे. गोदीतली पेटी गंजत चाललीय, कागद भिजणार. ती बाहेर काढायला पाण्यात उतरावं लागतं, आणि उतरला तर काळटोप्या विरघळतो. तो उतरतो. विष्णू नाही, बिल्डर नाही, कोणीच मारत नाही त्याला. कागद एकेक करत वर येतात, आणि चाळीतली माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून आपापल्या नावाचा कागद शोधतात. टोप रिकामा तरंगतो. मेला. खरा मेला. आणि दुसऱ्या अंकाच्या पहिल्या पानावर गौतम झेरॉक्सचं दुकान उघडतोय. खुलासा एका शब्दाचा नाही. प्रत्येक अंकात मरणार, प्रत्येक अंकात पहिल्यापासून येणार. माझ्या मैत्रिणी म्हणतात लोक गोंधळतील. मी म्हटलं परळच्या हॉलमध्ये कधी कोणी गोंधळलेलं बघितलं नाही.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक खिडकी आहे. तिच्यात एक बाई सुईत दोरा ओवतेय. ती तिथे का आहे हे मला सांगता येणार नाही, पण तिला काढायला सांगू नका. बाकी काहीही बदलेन.

प्रूफ सोबत आहे. फेलिक्स अंकलनी मशीन आठ तारखेच्या सकाळपर्यंत थांबवलंय, त्याहून एक तास जास्त नाही. म्हणजे तुमच्या प्रयोगाच्या रात्रीपर्यंत मला हो किंवा नाही पाहिजे. नाही म्हणालात तर तेराला मी रिकाम्या स्टॉलवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चौऱ्याण्णव सालची गोष्ट सांगेन. नावासकट.

गौतमला थोडा जाड केलाय, जाईबाईंना कळवा.

भांडणापुरती दूर, एरवी तुमच्याच उंबऱ्यावरची,
अनुजा


परळ, हॉलमागची खोली
७ डिसेंबर, संध्याकाळ

चि. अनुजास अ. उ. आ.

घाईत लिहितोय, हँडबिलाच्या पाठीवर. हात काळे झालेत, ठसे दिसतील, ते कॉमिकात वापरलेस तर माझी हरकत नाही. बाहेर गणपती होऊन गेला, आता ब्रह्मदेव वेद घेऊन बसलाय. त्याच्यानंतर मी. हे पत्र राजेशच्या हाती पाठवतोय. मुकुट घातलेला विष्णू तुझ्या खुर्चीपाशी आला की लाजू नकोस, कागद घे आणि त्याला ताबडतोब परत पिटाळ. त्याला चिवडा देऊ नकोस. नाहीतर परत चौऱ्याण्णव होईल, आणि माझा गुडघा आता पाऊण तासाचा राहिला नाही.

प्रूफ सात दिवस उशाशी ठेवलं. माणसं पाण्यात आपापलं नाव शोधतात तिथे मी थांबलो. रेकॉर्ड रूममध्ये जुना कागद सापडला की लोकांचे चेहरे अगदी असेच व्हायचे, तू ते कधी बघितलं नव्हतंस, मग कुठून काढलंस? फेलिक्सला सांग त्या पानाला शाई कमी पडू देऊ नकोस. आणि दुसऱ्या अंकात खुलासा देऊ नकोस, कोणी कितीही मागितला तरी.

टोप आत्ताच डोक्यावर घेतला. वास आला. यंदा थोडा शाईचा पण आला, आणि मागे कुठेतरी लिंबाचा.

खिडकीतल्या बाईला मी काढायला सांगणार नाही. ती कोण तेही विचारणार नाही. अप्पांचा टोप अप्पांनी उजव्या हाताने शिवला होता. माझ्या लग्नापासून मी डाव्या हाताचे टाके घातलेल्या उशीवर झोपतोय, तसल्याच टाक्यांच्या बंड्या घालतोय. मला काय डोळे नाहीत? टोप घातला की दरवर्षी मी आधी तिचा टाका बोटाने चाचपतो, मग स्टेजवर जातो. अप्पांचं नाव घेतलं की तिला बरं वाटतं, म्हणून घेतो. हे तिला सांगायचं नाही. सोलकढी माझीपण बंद होईल.

यंदा जिभेचे टाके उजव्या हाताचे आहेत. एकसारखे नाहीत, एका ठिकाणी तर दोरा सुटलाय. पण चाचपून बघितले, धरून आहेत.

छाप तुझा काळटोप्या.

पखवाज बदलला, माझा ठेका लागला. राजेश दारात उभा राहून गदा आपटतोय. आता बोलू नकोस, खुणा करू नकोस, उलटी चिठ्ठी तर मुळीच पाठवू नकोस. मी मरायला चाललो.